हिरवे पाणी : ओळख, धोका आणि ग्रामपंचायतीचे काम



गळीत हंगाम संपत आला की भीमा आणि घोड या दोन्ही नद्यांची धार बारीक होते. बंधाऱ्याला बर्गे घातलेले असतात, पाणी जागच्या जागी उभे राहते, ऊन तापते आणि डोहावर हिरवी साय धरते. "शेवाळ आलंय, पाऊस पडला की जाईल," असे म्हणून आपण मोटर चालू करतो. उसाला त्या पाण्याने लगेच काही होत नाही, म्हणून कोणी फारसे मनावर घेत नाही. पण त्याच डोहावर आपली जनावरे पाणी पितात आणि काठच्या विहिरीवर कित्येक गावांची नळयोजना चालते. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा.

सगळे शेवाळ सारखे नसते

दगडाला चिकटणारे, हातात दोऱ्यासारखे येणारे शेवाळ बहुधा निरुपद्रवी असते. धोका असतो तो निळ्या-हिरव्या शेवाळाचा. शास्त्रज्ञ त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात. त्याचे मायक्रोसिस्टिस नावाचे एक कूळ गोड्या पाण्यात जगभर आढळते. त्याच्या काही जाती यकृतावर घाला घालणारे विष तयार करतात. पाण्यात रंग ओतल्यासारखा थर, कुबट वास आणि काठाला जमलेला निळसर फेस ही त्याची चिन्हे.

घरच्या घरी ओळखायची एक रीत आहे. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून काचेची बरणी पाऊण भरावी, झाकण लावून रात्रभर न हलवता ठेवावी. सकाळी हिरवळ वर तरंगली तर निळ्या-हिरव्या शेवाळाचा संशय धरावा. तळाला बसली तर बहुधा साधे शेवाळ. यावरून विष आहे की नाही ते कळत नाही, पण सावध व्हायला एवढे पुरे.

असे पाणी प्यालेले जनावर थरथरते, झोकांड्या खाते, हगवण लागते, आणि विष जास्त गेले तर काही तासांत दगावते. त्यावर हमखास उतारा नाही. तेव्हा जनावर डोहापासून लांब ठेवणे हाच उपाय.

याला खाद्य कोण घालते?

उभे पाणी आणि ऊन तर दरसाल असते. तिसरी गोष्ट लागते ती नत्र-स्फुरदाची, त्यातही स्फुरदाची. ती येते दोन वाटांनी.

पहिली वाट शहराची. पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, तेथून पुढे ते पाणी आपल्या दोन्ही तालुक्यांच्या शिवेवरून उजनीत जाते. उजनीचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात वर्षाला 6.5 टीएमसी पाणी शेतीसाठी सोडण्याची योजना आहे, तेही शहराने वापरलेलेच पाणी. जानेवारी 2016 मध्ये मुळा-मुठेसाठी 990.26 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. तिच्यात 11 शुद्धीकरण केंद्रे ठरली. शुद्धीकरण झाले म्हणजे सगळे स्फुरद गेले असे मात्र नाही. ते काढायला वेगळी प्रक्रिया लागते. ती मागणी लावून धरणे आपला हक्क आहे.

दुसरी वाट आपल्या बांधावरून जाते. डीएपीच्या 50 किलोच्या एका पोत्यात शुद्ध स्फुरद सुमारे 10 किलो असते. एक किलो स्फुरदावर 500 किलोपर्यंत ओले शेवाळ पोसू शकते, असा ठोकताळा सांगतात. म्हणजे एक पोते वाहून गेले तर पाच टन शेवाळाची शिदोरी नदीला मिळाली! स्फुरद मातीला चिकटून बसते आणि मातीबरोबरच वाहते. वरून फेकलेले खत आणि पाटाचे फुटलेले पाणी, दोन्ही मिळून ते ओढ्यात नेतात.

ग्रामपंचायतीने काय करावे?

ऑस्ट्रेलियात 1991 साली डार्लिंग नदीचा हजार किलोमीटरहून लांब पट्टा असाच हिरवा झाला. जनावरे मेली, सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यानंतर तेथे हिरवा, पिवळसर आणि लाल अशा तीन पायऱ्या रूढ झाल्या. पाणी तपासायचे आणि जी पायरी असेल तसे वागायचे. पाटी लावणे, लोकांना कळवणे, पाणी दुसरीकडून घेणे ही कामे तेथील स्थानिक संस्था करतात.

आपल्याकडेही पाण्याच्या स्रोतावर हिरवे, पिवळे, लाल कार्ड देण्याची पद्धत आहेच. पण नेहमीची तपासणी मुख्यतः जंतू आणि क्षार पाहते. शेवाळाचे विष पाहायला वेगळी चाचणी लागते आणि ती मागावी लागते. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला 1 मायक्रोग्रॅम धरली आहे.

पंचायतीला पुढील गोष्टी जमण्यासारख्या आहेत :

1. जलसुरक्षकाने उन्हाळ्यात दर आठवड्याला डोह पाहून वहीत नोंद करावी.
2. साय दिसताच पाटी लावावी, दवंडी द्यावी. धुणे, पोहणे, जनावरे बंद करावीत.
3. नळयोजनेला दुसरी विहीर किंवा बोअर आधीच ठरवून ठेवावी आणि जनावरांसाठी गावात हौद भरावा.
4. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे.
5. पलीकडच्या काठच्या आणि खालच्या गावाला त्याच दिवशी निरोप द्यावा. बर्गे काढायचे झाले तर जलसंपदा खात्याला विचारून. आपली घाण पुढच्या गावाच्या डोहात ढकलणे म्हणजे उपाय नव्हे.

आणि काय करू नये?

हिरव्या डोहात ब्लीचिंग पावडर किंवा मोरचूद ओतू नये. त्याने शेवाळ फुटते आणि पोटातले विष एकदम पाण्यात उतरते. पाणी स्वच्छ दिसते आणि जास्त घातक होते. पाणी उकळूनही हे विष जात नाही. जेथे शुद्धीकरणाची टाकी आहे तेथे आधी तुरटीने शेवाळ खाली बसवावे, वाळूतून गाळावे आणि मगच टीसीएल द्यावी. काढलेली जलपर्णीही काठावर टाकू नये. ती कुजून पुन्हा पाण्याला खत देते. ती लांब खड्ड्यात नेऊन तिचे कंपोस्ट करावे.

आपल्या हातातले काम

पंचायत पाटी लावील, पण खाद्य तोडणे आपल्या हातात आहे. आडसालीला हेक्टरी 400:170:170 आणि सुरूला 250:115:115 अशी शिफारस आहे. माती परीक्षण करून त्यात कमीजास्त करावे, "शेजाऱ्यानं टाकलं म्हणून" एक पोते जादा टाकू नये. खत चळी घेऊन मातीआड करावे, खोडव्याला पहारीने द्यावे. पाट ओढ्यात फुटू देऊ नये, जमेल त्याने ठिबक करावे. नदीकडेला दोन-चार सऱ्यांएवढी जागा गवताला सोडावी. शेणखताचा आणि प्रेसमडचा ढीग ओढ्याच्या काठी लावू नये. जो नियम आपल्याला, तोच कारखान्यालाही. कारखान्याचे सांडपाणी कोठे जाते, हे वार्षिक सभेत विचारण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे आणि उत्तर देणे हे कारखान्याचे काम आहे.

भीमा ही शिरूर आणि दौंडची शीव आहे, पण पाणी काही शीव पाळत नाही. एका काठाने पाटी लावली आणि दुसऱ्या काठाने जनावरे सोडली तर उपयोग काय? तेव्हा 26 जानेवारीच्या ग्रामसभेतच, नदी वाहती आहे तोवर, समोरासमोरच्या गावांनी मिळून हा विषय घ्यावा. पर्यायी विहीर कोणती, हौद कोणी भरायचा, निरोप कोणी द्यायचा, एवढे कागदावर ठरले तरी उन्हाळ्यात धावाधाव होणार नाही. तहान लागल्यावर विहीर खोदायची वेळ आपल्यावर येऊ नये.