रामेनचा वाडगा आणि तळाचा रस्सा

टोकिओतल्या कचेऱ्यांच्या भागात दुपारी बारा वाजता रामेनच्या दुकानाबाहेर रांग लागलेली असते. दाराजवळ यंत्र असते. पैसे टाकायचे, बटण दाबायचे, तिकीट घ्यायचे. आत जेमतेम दहा-बारा खुर्च्या आणि फळीपलीकडे उकळती पातेली. पाचेक मिनिटांत वाफाळता वाडगा समोर येतो. कुणी गप्पा मारत नाही. भुरके मारत नूडल्स संपवायच्या, दहा-पंधरा मिनिटांत उठायचे, कारण मागे माणसे उभी असतात. हजार येनपेक्षा, म्हणजे साधारण पाच-सहाशे रुपयांपेक्षा जास्त किंमत लावली की गिऱ्हाईक बिचकते, असे तिथले दुकानदार मानतात. कष्टकरी, विद्यार्थी, कारकून अशा सगळ्यांचे हे पोटभरीचे जेवण.

या वाडग्यात मीठ किती असते? रस्सा पूर्ण प्यायला तर साधारण पाच-सहा ग्रॅम, काही दुकानांत त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्याहून कमी आहे. एका दुपारच्या जेवणातच ती संपते.

गंमत अशी, की रामेन तितके खारट लागत नाही. डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा तासन्‌तास उकळलेला अर्क, त्यावर चरबीचा थर, सोबत सुकवलेले मासे आणि कोंबू नावाचे समुद्री शेवाळ. या शेवाळातून १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. अशा भरगच्च चवींत मीठ लपून जाते. आपल्याकडे अजिनोमोटोच्या नावाने पुष्कळ बोटे मोडली जातात. पण त्यातले सोडियम वजनाच्या मानाने साध्या मिठाच्या एक-तृतीयांशच असते. वाडग्यातला खरा आरोपी साधे मीठच आहे.

जपानने या मिठाची किंमत मोजलेली आहे. १९५१ पासून जवळपास तीस वर्षे पक्षाघात हे तिथले मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. उत्तरेकडच्या अकिता प्रांतात त्या काळी माणशी रोजचे मीठ पंचवीस ग्रॅमच्या पुढे होते. कडाक्याच्या थंडीत टिकवलेली लोणची, खारवलेले मासे आणि मिसोचे सूप यांतून ते पोटात जाई. पुढे गावोगाव रक्तदाब तपासणी झाली, औषधे आली, स्वयंपाकातले मीठ कमी करायला घराघरांत शिकवले गेले. आज देशाची सरासरी दहा ग्रॅमच्या आसपास आहे. पक्षाघाताचे मृत्यू खूप घटले, तरी मीठ अजून मर्यादेच्या दुप्पट आहे.

त्याच उत्तर भागातल्या यामागाता प्रांतात रामेनचे वेड मोठे. तिथल्या चाळिशीपुढच्या ६,७२५ जणांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा रामेन खाणाऱ्यांत, विशेषतः सत्तरीच्या आतल्यांत, मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. एक-दोनदा खाणाऱ्यांत मात्र तसे दिसले नाही. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. वारंवार रामेन खाणारे लोक दारू, सिगारेट आणि वजन यांतही वेगळे असू शकतात. तरी कल लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सुटका वाडग्यातच आहे. अर्ध्याहून अधिक मीठ रश्श्यात असते. नूडल्स, अंडे, पातीचा कांदा, बांबूचे कोंब खाऊन रस्सा तळाशी ठेवला, तर दोन-तीन ग्रॅम मीठ पोटात जायचे वाचते. टोकिओच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या किंवा सहलीला गेलेल्या मराठी माणसाला इथे अडचण येते ती संस्कारांची. ताटात काही टाकायचे नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेले. पण जपानी माणसेही रस्सा सर्रास ठेवतात, त्यात दुकानदाराचा अपमान होत नाही. फुकुओकाकडच्या दुकानांत उरलेल्या रश्श्यात नूडल्सचा दुसरा घाणा मागवायची पद्धत आहे, ‘काएदामा’. ती टाळलेली बरी. त्याने पिष्ट दुप्पट होतेच, शिवाय नव्या नूडल्स उरलेला रस्सा शोषून घेतात.

घाईचाही प्रश्न आहे. पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, इथे वाडगा त्याआधीच रिकामा होतो. मागे रांग असली तरी पहिले काही घास सावकाश खावेत. ते फार गरम असतील, तर अन्ननलिकेसाठीही हे चांगले.

ज्यांना हृदय कमकुवत झाल्याने पायांवर सूज येते, ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे किंवा तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा रक्तदाब उतरत नाही, त्यांनी रश्श्याला हात न लावलेलाच बरा. अशा रुग्णांत एका खारट जेवणानंतर दुसऱ्या दिवशी वजन किलोभर वाढलेले दिसू शकते. ते वजन चरबीचे नसते, शरीरात साठलेल्या पाण्याचे असते. प्रवासातही सकाळी वजन पाहावे, आणि ते दोन दिवसांत दोन किलोंनी वाढले किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला, तर परत येण्याची वाट न पाहता तिथल्याच डॉक्टरांना गाठावे.