क्रीटची रात्रबोट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्रीसला निघालेल्या मराठी मंडळींच्या बेतात हल्ली सँटोरिनीच्या जोडीला क्रीटही असतं. तिथे बोटीने जायचं ठरलं की डोळ्यांसमोर उभी राहते ती क्रूझ. पहिला गैरसमज इथेच होतो.

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून क्रीटकडे जाणारी बोट रात्री नऊच्या सुमारास सुटते आणि पहाटे सहाच्या आसपास इराक्लिओन किंवा हानियाला पोहोचते. संध्याकाळी धक्क्यावर गेलं की ती कशासाठी आहे ते लगेच दिसतं. बोटीचा मागचा भलामोठा दरवाजा धक्क्यावर आडवा टाकलेला असतो आणि त्यावरून मालाचे ट्रेलर एकामागून एक, बहुतेक उलटे, पोटात शिरत असतात. एक खलाशी हातवारे करत, ओरडत, प्रत्येक ट्रेलर शेजारच्याला वीतभर अंतरावर लावून घेतो. दुसरे लगेच साखळ्या आवळतात. प्रवासीही त्याच उतारावरून, कडेकडेने, बॅगा ओढत चढतात. क्रीटची वस्ती सहा लाखांवर आहे. तिथल्या लोकांचा बराचसा किराणा, औषधं, यंत्रांचे सुटे भाग याच पोटातून जातात, आणि परत येताना तिथली भाजी, फळं, ऑलिव्हचं तेल अथेन्सला येतं. म्हणून ही बोट पर्यटक असोत-नसोत, ऐन जानेवारीतही चालते. बंद होतात त्या सँटोरिनी-क्रीट अशा बेटाबेटांमधल्या वेगवान बोटी; त्यांचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. ‘डिसेंबरमध्ये सँटोरिनीहून दोन तासांत क्रीट’ असा बेत कागदावरच राहतो.

‘आभाळ निरभ्र आहे, म्हणजे बोट सुटणारच,’ हा समज आपल्याकडून नेलेला असतो. आपल्याकडे गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद होतात, त्यामुळे बंद समुद्र म्हणजे काळे ढग, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टच्या लख्ख उन्हात ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस घोंघावतो. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त आणि तापलेल्या तुर्कस्तानावर कमी, म्हणून तो वाहतो. तुर्कस्तानावरचा हा कमी दाबाचा पट्टा आपला मॉन्सून ओढून आणणाऱ्या आशियाई पट्ट्याचंच पश्चिमेकडचं टोक आहे. म्हणजे कोकणात पाऊस कोसळत असतो त्याच दिवसांत, त्याच मोठ्या व्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला, ढगाचा ठिपकाही नसताना बोटी अडकून पडतात. मला या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

बोट सोडायची की नाही हे कंपनी नफा-तोटा बघून ठरवते, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वाऱ्यामुळे बोटींवर बंदी घालतं ते ग्रीसचं तटरक्षक दल. वाऱ्याचा जोर ब्यूफोर्ट मापाने मोजतात. 8 ब्यूफोर्ट म्हणजे ताशी 62 ते 74 किलोमीटर. मोठ्या पारंपरिक बोटी साधारण तिथे थांबवतात, वेगवान बोटी त्याच्या आधीच, 6-7 ला. म्हणूनच वाऱ्याच्या दिवसांत महागड्या झटपट बोटीपेक्षा जुनी, जड, संथ बोट जास्त भरवशाची. बोट रद्द झाली की पैसे बुडाले असंही नाही. युरोपीय संघाच्या 2010 च्या नियमानुसार रद्द झालेल्या प्रवासाचे पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, यातलं एक निवडायचा हक्क प्रवाशाला आहे. उशिराची वेगळी भरपाई मात्र खराब हवामानात मिळत नाही. परतीचं विमान त्याच दिवशी ठेवू नये, ते यासाठी.

‘बोट लागते’ म्हणून लोक उपाशी चढतात; त्याने उलट मळमळतं. हलकं काहीतरी खावं, गोळी सुटण्यापूर्वी घ्यावी, केबिन घ्यायची तर खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याजवळ घ्यावी. टोकाला हेलकावा सर्वांत जास्त बसतो. ‘डेक’चं तिकीट म्हणजे रात्रभर उघड्यावर, हेही खरं नाही, आतल्या बैठकीच्या दालनात बसता येतं. अर्थात पाठ टेकायला हवी असेल तर केबिनला पर्याय नाही.

आता सुरक्षिततेबद्दल. बोट बुडते ती वादळाने, असं आपण धरून चालतो. 17 जुलै 1947 ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली, तेव्हापासून कोकणच्या घराघरांत ही भीती आहे. क्रीटचीही अशीच एक रात्र आहे. डिसेंबर 1966 मध्ये ‘इराक्लिओन’ नावाची बोट क्रीटच्या सूदा बंदरातून पिरेअसकडे निघाली. समुद्र खवळलेला होता, पण घात केला तो आतल्या एका शीतवाहू ट्रकने. तो नीट बांधलेला नव्हता. हेलकाव्यात सुटला आणि बाजूच्या दरवाज्यावर आदळत राहिला. दरवाजा फुटला, पाणी आत आलं, आणि 8 डिसेंबरच्या पहाटेआधी फाल्कोनेरा बेटाजवळ बोट बुडाली. दोनशेहून अधिक माणसं गेली. 2000 च्या सप्टेंबरमध्ये पारोस बेटाजवळ ‘एक्सप्रेस समिना’ खडकावर आदळली, तीही वाऱ्याच्या रात्री. पण ती इतक्या लवकर बुडाली याचं एक कारण, पाणी अडवणारे आतले दरवाजे उघडे होते. साखळी आवळणारा आणि दरवाजा तपासणारा माणूस किती महत्त्वाचा, हे या दोन्ही रात्रींनी दाखवून दिलं.

1966 नंतर क्रीटच्या लोकांनी जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. दुसऱ्यांच्या बोटींवर जीव सोपवायचा नाही, असं ठरवून हानिया भागातल्या सामान्य माणसांनी, तिथले बिशप इरिनेओस यांच्या पुढाकाराने, थोडेथोडे पैसे घालून 1967 मध्ये ‘अनेक’ ही बोटकंपनी काढली. पाठोपाठ 1972 मध्ये इराक्लिओनला ‘मिनोअन लाइन्स’ उभी राहिली. पुढे मालकी बदलली. ‘मिनोअन’ इटलीच्या ग्रिमाल्दी समूहाकडे गेली आणि ‘अनेक’ 2023 मध्ये ‘अटिका’ समूहात विलीन झाली. तरी क्रीटची माणसं आजही या बोटींबद्दल आपल्या घरातल्या गोष्टीसारखं बोलतात.

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. हानियाच्या चित्रांत दिसतं त्या व्हेनिसकालीन बंदरात ही बोट लागत नाही. ती सूदाला लागते, शहराच्या पूर्वेला काही किलोमीटरवर. पिरेअसच्या फाटकांना क्रमांक आहेत आणि क्रीटची फाटकं मेट्रो स्टेशनपासून बरीच लांब पडतात, तेव्हा हाताशी तासभर ठेवावा. भाड्याची मोटार बोटीत चढवायला कंपनीची लेखी परवानगी लागते; नाहीतर विमा लागू होईलच असं नाही. क्रीटसाठी वेगळा व्हिसा नको, शेंगेन पुरतो, पासपोर्ट मात्र जवळ हवा. पण ऱ्होड्स किंवा कोसहून ‘समोरच तर आहे’ म्हणत तुर्कस्तानची बोट धरली, की शेंगेनबाहेर पडल्याची नोंद होते. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर तो तिथेच संपतो आणि ग्रीसला परतता येत नाही.