गाडीतून न उतरता कॉफी: शहराला काय मिळतं, काय जातं

अमेरिकेत फिनिक्स, ओमाहा किंवा पोर्टलंडच्या उपनगरातल्या रुंद रस्त्यांवर सकाळी सात-साडेसातला एक दृश्य हमखास दिसतं. चौकाच्या कोपऱ्यावर जेमतेम दोन खोल्यांएवढी इमारत, आत गिऱ्हाइकाला बसायला एकही खुर्ची नाही, आणि तिच्याभोवती मोटारींच्या रांगा. विशीतली मुलं-मुली हातात टॅब्लेट घेऊन रांगेतल्या गाड्यांच्या काचेशी जातात, ऑर्डर घेतात, पैसेही तिथेच घेतात. गाडी खिडकीशी पोचते तोवर कप तयार असतो.

या धंद्याची वाढ थक्क करणारी आहे. डच ब्रदर्सची सुरुवात १९९२ मध्ये ऑरेगॉनमधल्या ग्रँट्स पास या छोट्या गावात झाली. दुग्धव्यवसायातल्या दोन भावांनी एस्प्रेसो यंत्र घेऊन हातगाडी लावली होती. २०२१ मध्ये ही कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली आणि २०२५ मध्ये तिच्या दुकानांनी हजाराचा आकडा ओलांडला. नेब्रास्कात १९९८ साली सुरू झालेली स्कूटर्स आणि आर्कान्सात २०१७ साली सुरू झालेली सेव्हन ब्रू याच वाटेवर आहेत. स्टारबक्सने तर १९९४ मध्येच पहिली ड्राइव्ह-थ्रू खिडकी उघडली होती.

नवीन दुकानाचा अर्ज महापालिकेत आला की सुनावणीत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. बाजूने बोलणारे रोजगार आणि कर यांचे आकडे देतात, विरोधक गावातल्या कॉफीवाल्याची काळजी मांडतात. माझ्या मते दोन्हीकडून चुकीच्या गोष्टी मोजल्या जातात. किती दुकानं उघडली याला फारसा अर्थ नाही. त्या जमिनीच्या तुकड्यातून शहराला काय मिळालं, आणि कामगाराच्या हाती आठवड्याला किती तासांचं काम पडलं, हे मोजलं पाहिजे.

गैरसमज: साखळी आली की गावातला कॉफीवाला बुडालाच.

हे तितकंसं खरं नाही. स्टारबक्स सर्वांत झपाट्याने वाढत होती त्या २००० ते २००५ या काळात अमेरिकेतली स्वतंत्र कॉफीहाउसं सुमारे ९,८०० वरून जवळपास १४,००० वर गेली. चांगल्या कॉफीला चार पैसे जास्त मोजायची सवय साखळीने लावली आणि तिचा फायदा शेजारच्या दुकानालाही झाला. शिवाय गाडीतून कॉफी देणं ही काही बड्या कंपन्यांची मक्तेदारी नाही. वॉशिंग्टन आणि ऑरेगॉन राज्यांत दुकानांच्या पार्किंगच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एस्प्रेसोच्या टपऱ्या वर्षानुवर्षं स्थानिक माणसंच चालवत आली आहेत.

फरक पडतो तो पैशाच्या प्रवासात. शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात २००४ मध्ये एक अभ्यास झाला. स्थानिक मालकाच्या दुकानात खर्च झालेल्या १०० डॉलरपैकी ६८ डॉलर शहराच्या अर्थव्यवस्थेत राहतात, साखळीच्या दुकानातले ४३, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या भागातल्या व्यापाराला चालना देणाऱ्या संस्थेनेच तो करवून घेतला होता, त्यामुळे आकडे जरा हात राखून घ्यावेत. पण कारण समजण्यासारखं आहे. स्थानिक मालक हिशेबनीस, छपाईवाला, सुतार गावातलाच गाठतो, आणि नफाही बहुतेक गावातच खर्च करतो. साखळीची ही कामं मुख्यालयातून होतात. सेव्हन ब्रूची इमारतसुद्धा कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून येते आणि जागेवर बसवली जाते. मग गावातल्या गवंड्याला आणि सुताराला त्यात मिळणार तरी किती?

गैरसमज: दुकान उघडलं म्हणजे तेवढे नवे रोजगार आले.

इथे जरा थांबायला हवं, कारण परवानगीच्या सुनावणीत सर्वांत जास्त वजन याच दाव्याला मिळतं.

आकडे छोटे नाहीत. २०२४ मध्ये स्टारबक्सची अमेरिकेत स्वतः चालवलेली दहा हजारांहून अधिक दुकानं होती आणि त्यांत सुमारे दोन लाख माणसं काम करत होती. म्हणजे एका दुकानामागे साधारण वीस जण. पण या वीस जणांमागे वीस पूर्णवेळ पगार नसतात. बहुतेक काम अर्धवेळ असतं आणि शिफ्टची वाटणी गर्दीच्या अंदाजावर होते. दुकान पाचला उघडायचं तर कुणालातरी साडेचारला हजर राहावं लागतं, आणि सकाळची गर्दी ओसरली की लगेच माणसं कमी केली जातात. एका आठवड्यात २८ तास मिळाले आणि पुढच्या आठवड्यात १६, तर घरभाडं कशाच्या जोरावर भरायचं? तासाचा दर सगळे विचारतात. मिळणाऱ्या तासांबद्दल विचारणारा विरळा, आणि संसार तर या दोन्हींच्या गुणाकारावर चालतो.

काही सरकारांनी हे ओळखलं. सिअ‍ॅटलने २०१७ मध्ये आणि ऑरेगॉन राज्याने २०१८ मध्ये मोठ्या साखळ्यांसाठी कायदे लागू केले. शिफ्टचं वेळापत्रक आधी द्यायचं, ऐन वेळी बदललं तर भरपाई द्यायची, रात्री दुकान बंद करणाऱ्याला पहाटे उघडायला बोलवायचं तर मध्ये पुरेशी विश्रांती द्यायची. मजुरीतही राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडकलं आहे. कॅलिफोर्नियाने मात्र देशभरात ६० हून अधिक दुकानं असलेल्या फास्ट फूड साखळ्यांसाठी १ एप्रिल २०२४ पासून २० डॉलरचा दर बांधून दिला. तोच फेसाळ कप, तीच खिडकी, आणि कामगाराच्या हातात पडणारे पैसे कुठे दुप्पट, कुठे निम्मे.

कंपनीच्या बाजूचंही सांगायला हवं. आठवड्याला सरासरी २० तास भरणाऱ्यालाही स्टारबक्स आरोग्यविमा देते, आणि २०१४ पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन पदवीची फी भरते. या क्षेत्रात हे दुर्मीळ आहे. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये बफलोच्या एल्मवूड अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुकानात कामगारांनी युनियन केली आणि पुढे पाचशेहून अधिक दुकानं तिच्यात आली. मागण्यांत पगाराइतकाच भर होता पुरेशा माणसांवर आणि खात्रीच्या तासांवर. समोर काउंटरशी गिऱ्हाईक, कानातल्या हेडसेटमध्ये गाडीतलं गिऱ्हाईक, आणि मोबाइलवरून आलेल्या ऑर्डरच्या चिकटपट्ट्या यंत्रातून बाहेर पडतच असतात. या तिन्ही तोंडांना दोन-तीन माणसांनी पुरं पडायचं.

आणखी एक साधी गोष्ट. नवीन खिडकी उघडली म्हणून माणूस सकाळी दोनाऐवजी चार कप पिऊ लागत नाही. या खिडकीवरचा बराचसा गल्ला आधी कुठल्यातरी डोनटवाल्याकडे, पेट्रोल पंपावर किंवा कॅफेत पडतच होता. तिथले किती तास कमी झाले हे वजा केल्याशिवाय नवे रोजगार किती, ते सांगता येत नाही. परवानगीच्या अर्जात ही वजाबाकी मला कधी दिसलेली नाही.

गैरसमज: इमारत एवढीशी, मग जागा कितीशी लागणार?

इमारत छोटी असते, पण दुकानाची खरी जागा म्हणजे रांग. एक मोटार उभी राहायला साधारण सहा मीटर लांबी लागते. वीस गाड्या म्हणजे सव्वाशे मीटरच्या आसपास डांबर. शिवाय आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा रस्ता वेगळा, म्हणजे पदपथ दोन ठिकाणी कापला जातो आणि शाळेत चालत जाणाऱ्या मुलाला दोन्हीकडे गाड्या चुकवाव्या लागतात. रांग आवारात मावली नाही की थेट रस्त्यावर येते. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये स्नेलिंग आणि मार्शल या रस्त्यांच्या चौकातल्या स्टारबक्समुळे नेमकं हेच झालं. रांगेतल्या गाड्यांनी सायकलींची मार्गिका अडवली आणि तो वाद गावभर गाजला.

कराचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. मिनेसोटातल्याच ब्रेनर्ड गावात चार्ल्स मरोन या अभियंत्याने एकाच रस्त्यावरचे दोन सारखे तुकडे तपासले. एकावर जुनाट, रंग उडालेल्या छोट्या दुकानांची रांग होती. न्हाव्याचं दुकान, दारूचं दुकान, गहाणवटीचं दुकान, अशी. दुसऱ्यावरची तशीच जुनी दुकानं पाडून टॅको विकणाऱ्या एका साखळीचं नवं कोरं ड्राइव्ह-थ्रू उभं होतं. गावाच्या लेखी पहिला तुकडा मोडकळीला आलेला आणि दुसरा म्हणजे प्रगती. करासाठीचं मूल्यांकन पाहिलं तर मोडकळीला आलेला तुकडा सुमारे ११ लाख डॉलरचा निघाला आणि प्रगतीवाला सुमारे ८ लाखांचा. रस्ता, गटार, पाण्याची नळी दोघांनाही तेवढीच लागते. तिथे कॉफीऐवजी टॅको मिळतो, पण जमिनीचा वापर तोच: मधोमध छोटी इमारत आणि सभोवती डांबर.

मोजदादीत न येणारं नुकसान वेगळंच. घर आणि कामाची जागा सोडून माणसं जिथे सहज भेटतात त्या ठिकाणांचं महत्त्व समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं. कॉफीहाउस हे त्यांचं आवडतं उदाहरण. खुर्ची काढली की तेच जातं. आणि हे केवळ हळव्या माणसांचं रडगाणं नाही. स्टारबक्सनेच २०२५ मध्ये नुसता माल उचलून न्यायची, बिनखुर्चीची दुकानं बंद करत आणायचं ठरवलं आणि इतर दुकानांत खुर्च्या परत आणायला सुरुवात केली.

गैरसमज: ड्राइव्ह-थ्रूवर बंदी म्हणजे अपंग आणि लेकुरवाळ्यांवर अन्याय.

ही तक्रार मनापासूनची असते आणि ती उडवून लावू नये. चाकाची खुर्ची गाडीतून उतरवणं किंवा मागच्या सीटवर झोपलेल्या बाळाला उचलणं हे कष्टाचं काम आहे. पण जे गाडीच चालवू शकत नाहीत त्यांचं काय? अंध माणूस, फिट्स येणारा रुग्ण, गाडी न परवडणारा कामगार यांना खिडकीवर पायी आलात तर देणार नाही असं सांगितलं जातं. फक्त खिडकी असलेलं दुकान त्यांच्यासाठी बंदच.

शिवाय बंदी म्हणजे सगळं उखडून टाकणं, असंही नाही. मिनियापोलिसने २०१९ मध्ये फक्त नवीन ड्राइव्ह-थ्रू थांबवले, जुने चालू राहिले. अटलांटाने २०२४ मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर घडवलेल्या बेल्टलाइन या पादचारी पट्ट्याच्या आसपासच मनाई केली. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोमध्ये तर १९८२ पासून ड्राइव्ह-थ्रूला परवानगीच नाही, आणि त्या गावात कॉफीची काही टंचाई नाही.

गैरसमज: गाडी बंद करून पुन्हा सुरू केली तर पेट्रोल जास्त जळतं.

जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातली ही समजूत अजून रांगेत टिकून आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या म्हणण्याप्रमाणे दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद केलेलंच बरं. उभी गाडी चालू ठेवली तर इंजिनाच्या आकाराप्रमाणे तासाला साधारण एक ते दोन लिटर पेट्रोल जळतं.

गैरसमज: थोड्याच दिवसांत हे सगळं यंत्रंच करतील.

मॅकडोनाल्ड्सने आयबीएमबरोबर आवाज ओळखून ऑर्डर घेणारी यंत्रणा शंभरेक दुकानांत वापरून पाहिली आणि २०२४ मध्ये ती बंद केली. डच ब्रदर्सच्या रांगेत अजून माणूसच काचेशी येतो, कारण ओळखीच्या चेहऱ्याशी दोन शब्द बोलणं हाच त्या धंद्याचा मोठा भाग आहे.

हा विषय आपल्यापासून दूर राहिलेला नाही. मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला २०१२ मध्ये भारतातलं पहिलं दुकान उघडणाऱ्या टाटा स्टारबक्सने जानेवारी २०२४ मध्ये २०२८ पर्यंत १,००० दुकानं आणि सुमारे ८,६०० कर्मचारी असं लक्ष्य जाहीर केलं. ड्राइव्ह-थ्रू वाढवणं हा त्या योजनेचा भाग आहे. महामार्गावरच्या थांब्याला माझी हरकत नाही, तिथे सगळे गाडीनेच येतात. शहरातल्या चौकासाठी मात्र परवानगीच्या अर्जात तीन रकाने हवेत: आवारात किती गाड्यांची रांग मावेल, पायी आलेल्याला कुठून आणि किती वाजेपर्यंत कॉफी मिळेल, आणि प्रत्येक कामगाराला आठवड्याला किमान किती तासांचं काम देणार. हे तीन रकाने भरल्याशिवाय अर्ज दाखलच करून घेऊ नये.