श्वान आणि हस्तक : एका जोडीचे शिक्षण

दिनांक 6 फेब्रुवारी 2023 रोजी तुर्कस्तानात भीषण भूकंप झाला. भारताने मदतीसाठी पाठविलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पथकांसमवेत ज्युली व रोमिओ हे लॅब्रॅडॉर जातीचे श्वान होते. एका कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यावर ज्युली भुंकली. खात्रीसाठी रोमिओला तेथे नेण्यात आले. त्यानेही तोच संकेत दिला. त्यानंतर खोदकाम होऊन सहा वर्षांच्या एका बालिकेची सुटका झाली. या यशामागे कोणते शिक्षण होते, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

नागपूरचा या कार्याशी जुना संबंध आहे. संकटसमयी मदत करणाऱ्यांना शिक्षण देणारी केंद्रीय संस्था येथे 1957 साली स्थापन झाली. पुढे 1968 मध्ये ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली आणि 2018 पासून आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी नागपुरात आहे. या दलाच्या सुमारे 45 जणांच्या प्रत्येक शोध व बचाव पथकात अभियंते, वीजतंत्री आणि वैद्यकीय कर्मचारी यांच्या जोडीला श्वानांचीही योजना असते.

लॅब्रॅडॉर हा मूळचा ‘रिट्रीव्हर’, म्हणजे शिकाऱ्याने टिपलेला पक्षी शोधून, दातांनी न दुखवता, आणून देणारा श्वान. शोधण्याची व आणून देण्याची ही उपजत ओढ हेच प्रशिक्षणाचे भांडवल होय. विशिष्ट गंध सापडला की आवडता चेंडू मिळतो, एवढे श्वानाच्या मनावर प्रथम ठसविले जाते. त्याच्या दृष्टीने हे सारे काम म्हणजे खेळच असतो. संकेत मात्र कामाप्रमाणे बदलतो. ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस असल्यास श्वानाने भुंकावयाचे असते. स्फोटके आढळल्यास वस्तूला स्पर्श न करता स्तब्ध बसावयाचे असते. मुंबईतील 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या काळात स्फोटके हुडकून असंख्य प्राण वाचविणारा ‘जंजीर’ हा पोलिस दलाचा लॅब्रॅडॉर पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता.

श्वानाला हाताळणाऱ्या जवानास ‘श्वान हस्तक’ म्हणतात. खरी कसोटी त्याचीच असते. आरंभी लपविलेल्या वस्तूची जागा हस्तकास ठाऊक असते. पुढे ती मुद्दाम त्याच्यापासूनही गुप्त ठेवतात. कारण श्वान हस्तकाची चाल, श्वास आणि दोरीचा ताण वाचतो व त्याला खूष करण्यासाठी खोटा संकेत देऊ शकतो. काहीही न लपविलेल्या जागीही झडती घेतली जाते. ‘येथे काही नाही’ हे प्रामाणिकपणे सांगणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

आवारातील धडे क्षेत्रावर उतरविणे हा सर्वांत कठीण टप्पा. तेथे वारा दिशा बदलतो. यंत्रांचा आवाज, धूर आणि आप्तांचा आक्रोश असतो. गंध वाऱ्याबरोबर वाहत असल्याने शोध शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने घ्यावा लागतो. विदर्भातील उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. धापा टाकणाऱ्या श्वानाला नीट हुंगता येत नाही. म्हणून सराव पहाटे घेणे, वारंवार पाणी व विसावा देणे आणि तापलेल्या जमिनीपासून त्याचे पंजे जपणे ही हस्तकाची जबाबदारी असते.

मात्र एवढ्या परिश्रमांचे फळ घटनास्थळी प्रथम पोहोचणाऱ्यांच्या वर्तनावरही अवलंबून असते, आणि ते बहुधा गावकरीच असतात. गुन्ह्याच्या जागी बघ्यांची पावले उमटली की गुन्हेगाराचा माग त्यांत मिसळून जातो. म्हणून 1967 च्या ग्राम पोलिस अधिनियमाखाली नेमलेल्या पोलिस पाटलांनी, सरपंचांच्या साह्याने, ती जागा दोरी लावून अडवावी. तेथील वस्तूंना कोणी हात लावू नये. दरड अथवा घर कोसळल्यास दिसणाऱ्या माणसांची सुटका तात्काळ करावी. परंतु श्वान शोध घेत असताना गर्दी दूर ठेवावी, जवळपास काही जाळू नये, सांगितल्यावर यंत्रे बंद करावीत व शांतता पाळावी. काम करणाऱ्या श्वानाला कौतुकाने बोलावू नये किंवा खाऊ घालू नये, हे शिक्षकांनी मुलांना सांगावे.

श्वान आणि हस्तक यांची जोडी घडविण्यास कित्येक महिने लागतात. तिचा माग मात्र एका घटकेच्या गर्दीने पुसला जातो. तो जपणे गावाच्या हाती आहे.