टाकणखारापासून लाल फवाऱ्यापर्यंत: अग्निरोधकांबद्दल काय खरे, काय ऐकीव

मंडपाचा कंत्राटदार "कापड फायरप्रूफ आहे" म्हणाला की आयोजक निर्धास्त होतात. वायरच्या खोक्यावर 'एफआर' (फ्लेम रिटार्डंट, म्हणजे ज्वालारोधक) छापलेले दिसले की घरमालकही निर्धास्त होतो. धोका या निर्धास्तपणात आहे. अग्निरोधक द्रव्यामुळे वस्तू न जळणारी होत नाही. ती उशिरा पेटते, ज्वाला हळू पसरते आणि माणसांना बाहेर पडायला काही मोलाची मिनिटे मिळतात. आच मोठी असेल आणि लागतच राहिली, तर तीच वस्तू जळते. वीट, काँक्रीट, खनिज लोकर हे खरे न जळणारे पदार्थ. प्रक्रिया केलेले कापड, प्लायवूड किंवा फोम त्यांच्या पंगतीला बसत नाहीत.

ही द्रव्ये म्हणजे अलीकडच्या रसायन कारखान्यांची देणगी, असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १८२१ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी नाट्यगृहांतले कापड आगीपासून वाचवण्यासाठी अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांची मिश्रणे सुचवली होती. दोन शतके झाली, तरी त्याच घराण्यातले क्षार आजही वापरात आहेत. कापूस किंवा लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि आपल्याला ज्वाला दिसते ती या वायूंची. फॉस्फेट तापल्यावर आम्ल तयार होते, ते तंतूंमधले पाणी हिसकावून घेते आणि वायूऐवजी कोळशाचा थर मागे राहतो. टाकणखार वितळून तंतूंवर पातळ काचेरी थर धरतो. प्लास्टिकमध्ये मिसळले जाणारे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे फुटू लागते, उष्णता शोषते आणि स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी वाफ म्हणून सोडते. ब्रोमीनयुक्त द्रव्ये थेट ज्वालेत शिरून ज्वलनाची साखळी तोडतात.

आता मंडपाकडे वळू, कारण आपल्याकडे सर्वाधिक ऐकीव गोष्टी याच बाबतीत आहेत. एक समज असा की एकदा द्रावणात बुडवलेले कापड कायमचे सुरक्षित. टाकणखार, बोरिक आम्ल, तुरटी, अमोनियम सल्फेट हे सारे पाण्यात विरघळणारे क्षार आहेत. म्हणूनच ते कापडावर चढवणे सोपे आणि म्हणूनच एका जोराच्या पावसात किंवा धुण्यात ते उतरून जातात. गणेशोत्सव भर पावसाळ्यात येतो, हे लक्षात घेतले म्हणजे मागच्या वर्षीच्या प्रक्रियेवर विसंबणे किती पोकळ आहे ते कळते. धुऊनही टिकणाऱ्या प्रक्रिया आहेत, पण त्यांत रसायन तंतूशी बांधले जाते आणि ते काम कापड गिरणीत होते, मंडपाच्या गोदामात नाही.

दुसरा समज काडीच्या परीक्षेचा. कापडाच्या टोकाला पेटती काडी लावायची, ते आक्रसून विझले की "बघा, पेटत नाही" म्हणायचे. पॉलिस्टर ज्वालेपासून मागे सरते, कारण ते वितळते. मोठ्या आगीत हेच वितळलेले, पेटते थेंब खाली माणसांवर पडतात. पॉलिस्टरमध्ये सूत मिसळलेले असेल तर सुताचा सांगाडा वितळलेल्या प्लास्टिकला धरून ठेवतो आणि कापड जोमाने जळते. काडीची परीक्षा यातले काहीच दाखवत नाही. हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या कार्यक्रमात मंडप पेटला. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुसंख्य मुले होती. जळता मंडप डोक्यावर कोसळत होता आणि बाहेर पडायची वाट अपुरी होती. रुंद, मोकळी वाट नसेल तर अग्निरोधक कापडाने मिळवून दिलेली मिनिटे वाया जातात.

'एफआर' वायर शॉर्टसर्किट थांबवत नाही. सैल जोडणी आणि जास्त भार यांनी ती इतर कोणत्याही वायरइतकीच तापते. तिचे काम एवढेच की पेटल्यावर ज्वाला तिच्या अंगावरून पुढे सरकत जाऊ नये. भार तोडण्याचे काम एमसीबीचे. आगीतही वीज चालू ठेवणारी केबल ही आणखी वेगळी चीज आहे. तिच्या तारेभोवती बहुधा अभ्रकाची पट्टी असते आणि ती फायर अलार्म, लिफ्ट यांच्यासाठी वापरतात. शिवाय पीव्हीसीबद्दलची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते, त्यामुळे ते सहज पेटत नाही, पण जळले की हायड्रोजन क्लोराइडचा डोळे-घसा जाळणारा धूर सोडते. ज्वाला कमी म्हणजे धूर कमी, असे नसते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले ते मुख्यतः गुदमरून. जिना, डक्ट आणि गर्दीची जागा यांसाठी कमी धुराची किंवा हॅलोजनमुक्त वायर घेणे हा पैशाचा अपव्यय नाही.

"ही सगळी रसायने विषारी" आणि "कंपनीने घातले म्हणजे निर्धोक" ही दोन्ही टोके चुकीची आहेत. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एक ब्रोमीनयुक्त अग्निरोधक चुकून गुरांच्या खाद्यात मिसळले गेले. सुमारे ३०,००० गुरे नष्ट करावी लागली आणि ते रसायन माणसांच्या शरीरातही उतरले. १९७७ मध्ये अमेरिकेतच मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांतले 'ट्रिस' हे अग्निरोधक बंद झाले. पुढे घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने २००९ पासून अनेक ब्रोमीनयुक्त द्रव्ये एकेक करून बंदीच्या यादीत घातली आणि भारतानेही २०१८ मध्ये त्यांतल्या काहींवर बंदी आणली. ही द्रव्ये निसर्गात टिकतात, चरबीत साठतात. टाकणखार किंवा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड यांना त्यांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे. प्रश्न नेहमी "कोणते द्रव्य?" असाच विचारायला हवा.

पोलाद जळत नाही म्हणून सुरक्षित, हेही खरे नाही. साधारण ५५० अंशांना त्याची ताकद निम्म्यावर येते. त्यासाठी खांबांना एक खास रंग देतात. आच लागली की तो गरम तेलातल्या कुरडईसारखा फुलतो आणि त्या फुललेल्या थराखाली पोलाद उशिरा तापते.

जंगलातल्या वणव्यावर विमानातून पडणारा लाल फवारा आपण बातम्यांत पाहतो. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या आगीत तो सतत दिसत होता. त्याने आग विझते असा समज आहे. बहुतेक वेळा तो आगीवर टाकतच नाहीत, तिच्या वाटेवरच्या झाडाझुडपांवर पट्टा मारतात. त्यात बहुतांश पाणी, त्याखालोखाल खतासारखे अमोनियम फॉस्फेट, चिकटपणासाठी काही मिश्रणांत गवारीच्या बियांचा डिंक आणि वैमानिकाला आधीचा पट्टा दिसावा म्हणून रंग असतो. पाणी उडून गेले तरी फॉस्फेट काम करत राहते. पट्ट्यापाशी मंदावलेली आग जमिनीवरच्या जवानांनाच विझवावी लागते. अमोनियामुळे मासे मरतात, म्हणून अमेरिकेचे वन खाते ओढ्या-नद्यांपासून सुमारे ३०० फूट अंतर राखते.

तेच फॉस्फेट आपल्या जिन्यातल्या 'एबीसी' पावडरच्या सिलिंडरमध्ये असते. ही पावडर आग फक्त झाकून विझवते असे नाही. ती ज्वलनाची साखळी तोडते आणि लाकूड-कागदावर वितळून थर धरते. लहान सिलिंडर मात्र काही सेकंदांतच रिकामा होतो, म्हणून तो सुरुवातीच्या आगीसाठीच. कढईतले तेल पेटले तर गॅस बंद करून झाकण ठेवावे, पाणी कधीही ओतू नये.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. आपल्या सोसायटीचे शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचे आहे, ते सचिवांकडे मागून पाहा. आणि मंडप ठरवताना कंत्राटदाराला तीन गोष्टी विचारा: कापडावर कोणती प्रक्रिया केली, कधी केली आणि त्यानंतर ते किती वेळा भिजले. उत्तर मिळाले नाही, तर ते कापड अग्निरोधक नाही असेच धरून चाला.