बाळाचा घास आणि घराची सवड

दोन-अडीच वर्षांचे मूल ज्या घरात आहे, त्या घरी गेलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी एक तक्रार ऐकावी लागते : ‘हा काहीच खात नाही.’ तक्रार करणाऱ्या आईचा स्वर खरोखरीच काकुळतीचा असतो. तिच्या हातात भाताची वाटी असते, मूल पलंगाखाली दडलेले असते, आणि ‘आमच्या वेळी असे नव्हते’ एवढेच म्हणून आजी त्या काकुळतीत अपराधाची भर घालीत असते. मग औषधांच्या दुकानातून भूक वाढविणारे टॉनिक येते, दुधात कालवायची चॉकलेटी भुकटी येते, आणि अखेरचा उपाय म्हणून मोबाइलचा पडदा मुलासमोर उभा राहतो. पडद्यावर चित्रे नाचू लागली की मुलाचे तोंड आपोआप उघडते. घास आत जातो. तो कशाचा होता हे मुलाला कळत नाही, आणि पोट केव्हा भरले हेही कळत नाही.

वस्तुतः या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा मुलाच्या भुकेत नसून मोठ्यांच्या हिशेबात असते. जन्मतः तीन किलोंच्या आसपास असणारे मूल वर्षाचे होईपर्यंत साधारण तिप्पट वजनाचे होते. दुसऱ्या वर्षात मात्र त्याच्या वजनात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावणार, हा निसर्गाचा सरळ व्यवहार आहे. पण पहिल्या वर्षीच्या खादाडपणाची सवय झालेल्या घराला दुसऱ्या वर्षीचे मूल उपाशी वाटू लागते. याच सुमारास ते चालू लागलेले असते, बोलू लागलेले असते, आणि ‘नको’ या शब्दात केवढी सत्ता भरली आहे याचा शोध त्याला नुकताच लागलेला असतो. ती सत्ता वापरून पाहण्यास जेवणाच्या वाटीइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

एवढ्यावरून ही सारी काळजी निराधार आहे, असे म्हणता आले असते तर बरे होते. तसे म्हणता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिने ते दोन वर्षे या वयाच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळणारी मुले देशभरात शंभरांत सुमारे अकराच आढळली. प्रगत म्हणविणाऱ्या महाराष्ट्राचा आकडा त्याहूनही खाली होता. पाच वर्षांखालील मुलांपैकी शंभरांत ६७ रक्तक्षयी निघाली. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५९ च्या आत होते. हे आकडे केवळ दारिद्र्याचे आहेत असे समजून सुखवस्तू घरांनी निश्चिंत होण्याचे कारण नाही. शंभरांत एकोणनव्वद मुलांचा आहार अपुरा ठरतो, तेव्हा त्यांत भरल्या डब्यांच्या स्वयंपाकघरांतील मुलेही असणारच. भुकेले मूल आणि कुपोषित मूल ही नेहमीच एक नसतात, आणि पलंगाखाली दडलेल्या मुलाच्या बाबतीत चिंता चुकीच्या ठिकाणी खर्च होते, ती यामुळेच. त्याने किती खाल्ले याची मोजदाद होते. काय खाल्ले याची होत नाही.

मराठी घराने बाळासाठी जे अन्न पिढ्यान्‌पिढ्या नेमून ठेवले आहे, ते या कसोटीवर लावून पाहण्यासारखे आहे. मऊ भात, त्यावर तुरीचे किंवा मुगाचे वरण, चमचाभर साजूक तूप, मिठाची कणी आणि लिंबाचे चार थेंब. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन नावाचे जे द्रव्य कमी असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत ज्याची उणीव असते ते तांदूळ पुरवितो. दोन्ही एकत्र आली म्हणजे प्रथिनांचा दर्जा वाढतो. तुपामुळे इवल्याशा घासात उष्मांक मावतात. लिंबामुळे डाळीतले लोह अंगी लागण्यास मदत होते. हे रसायन आजीला ठाऊक नव्हते, पण वाढण्याचा क्रम तिला पक्का ठाऊक होता. कोकणात हेच काम मऊ भात आणि मेतकूट करते, देशावर दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी करते. खानदेशातली कळण्याची भाकरी तर धान्य आणि उडीद एकाच पिठात दळून हा मेळ जात्यावरच साधते.

नाचणीच्या सत्त्वाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ही गोष्ट आता सर्वश्रुत झाली आहे. पण खरी युक्ती आहे ती नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळण्यात. मोड येताना धान्यात एक पाचक द्रव्य तयार होते आणि ते पिठुळपणा मोडून काढते. साध्या पिठाची खीर घट्ट होते म्हणून तीत पाणी वाढवावे लागते, आणि पाणी वाढले की पोषण पातळ होते. मोड आणलेल्या पिठाची खीर मात्र पीठ अधिक घालूनही सैल राहते. ज्याच्या पोटात एका वेळी वाटीभराहून फारसे मावत नाही, त्या बाळाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात या तत्त्वावर पद्धतशीर संशोधन केले, आणि मोडाच्या धान्याचे चमचाभर पीठ घट्ट खिरीला कसे सैल करते हे दाखवून दिले.

जुने तेवढे सोने, हा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. त्याच आजीने सहा महिन्यांच्या बाळाला ‘वरणाचे पाणी’ पाजले, आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेली डाळ मोठ्यांनी खाल्ली. त्या पिवळ्या पाण्यात रंग असतो, चव असते, पोषण नावापुरते असते. डाळ घोटून, चमच्यातून ओघळणार नाही इतकी दाट करून द्यायला हवी, हे बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. मध चाटविण्याची रूढीही अशीच. वर्षाच्या आतील मुलाला मधातून क्वचित होणारी विषबाधा जीवघेणी ठरू शकते, म्हणून ती रूढी मोडणेच इष्ट. पालेभाजी ‘पचायला जड’, अंडे ‘उष्ण’, असे म्हणत लोह आणि अ जीवनसत्त्व देणारे पदार्थ नेमके त्याच वयात मुलापासून दूर ठेवले गेले. आणि चहा! बशीत ओतलेल्या चहात बुडविलेले बिस्किट हा महाराष्ट्रातील असंख्य मुलांचा सकाळचा आहार आहे. चहातील टॅनिन अन्नातल्या लोहाला अंगी लागू देत नाही, साखर आणि मैदा भूक मारतात, आणि दहा वाजता हेच मूल वरण-भाताकडे पाठ फिरविते. दुधाचेही तसेच. दिवसभर बाटलीने दूध पिणारे मूल गुबगुबीत दिसते, पण दुधात लोह जवळजवळ नाही, आणि भरलेल्या पोटात दुसऱ्या अन्नाला जागा उरत नाही.

बाळासाठी काहीतरी वेगळे, खास, डब्यातले अन्न हवे, ही समजूत त्या मानाने अलीकडची. तिला आवर घालण्यासाठी १९९२ साली संसदेने कायदा केला. दुधाची भुकटी आणि बाटल्या यांच्या जाहिरातींना त्याने बंदी घातली, डब्यांवर गुटगुटीत बाळाचे चित्र छापण्यासही मनाई केली, आणि २००३ च्या दुरुस्तीने हे निर्बंध दोन वर्षे वयापर्यंतच्या आहारासाठी कडक झाले. तरीही २०२४ च्या एप्रिलमध्ये एका स्विस संस्थेच्या तपासणीतून असे उघडकीस आले, की बाळांसाठीचे धान्याचे जे तयार अन्न स्वित्झर्लंडमध्ये साखरेविना विकले जाते, तेच भारतात साखर घालून विकले जात होते. गोडाची चटक सहाव्या महिन्यात लागली, की भोपळ्याची आणि दोडक्याची चव मुलाला कशी रुचावी?

बाळाचे अन्न घरच्याच पातेल्यातून निघू शकते. वरणाला फोडणी देण्यापूर्वी त्याचा वाटा काढून ठेवायचा, भाजीत तिखट पडण्यापूर्वी चार फोडी बाजूला घ्यायच्या, भाकरीचा मऊ पदर वेगळा करायचा. यात श्रम थोडे, पण भान फार लागते. स्वयंपाक दोन-तीन माणसांसाठी घाईने होत असेल, तर फोडणी आधी पडते आणि बाळाची आठवण मागून येते. या पद्धतीचा दुसरा लाभ असा, की वर्षाचे मूल घर जे खाते तेच खाऊ लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी बेतलेले मिश्रणही अखेर भाजलेले गहू, हरभरे, शेंगदाणे आणि गूळ यांचेच होते. त्यात एकही वस्तू अशी नव्हती, की जी वाण्याच्या दुकानात मिळत नाही.

काय द्यायचे हे एकदा ठरले, की किती खायचे हे मुलावर सोपविता येते काय? अमेरिकेतील डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून नुकत्याच वरच्या अन्नाला लागलेल्या मुलांवर एक दीर्घ प्रयोग केला. पंधरा मुलांसमोर सुमारे चौतीस साधे, बिनसाखरेचे पदार्थ मांडले जात. कोणी आग्रह करीत नसे, कोणी अडवीत नसे. मुलांची निवड दिवसादिवसाला विचित्र दिसे, पण सारी मुले निकोप वाढली. १९३९ साली हे सांगताना डेव्हिसबाईंनी स्वतःच बजावले, की यातली खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. यादी मोठ्यांची होती, भूक मुलांची. आपल्या घरांत नेमके उलट घडते. फरसाण हवे की बिस्किट हे मूल ठरविते, आणि भाताचे आणखी किती घास खायचे ते आई.

नवा पदार्थ मुलाने पहिल्यांदा थुंकला म्हणजे तो त्याला आवडत नाही, असे नव्हे. आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा तो ताटात दिसावा लागतो, मग एक दिवस मूल तो उचलते. पंगतीत बसलेले मूल मोठ्यांना खाताना पाहत खायला शिकत होते. त्याला भरविताना चिऊ-काऊ येत, चांदोबा येई, पण त्या साऱ्यांत लक्ष घासावरच असे. पडदा ते लक्षच काढून घेतो. मात्र पडदा लावणाऱ्या आईला दोष देण्याआधी तिच्या घड्याळाकडे पाहायला हवे.

कारण या सगळ्याला लागते ती सवड. नाचणीला मोड आणायला दोन दिवस, सांडत-लवंडत हाताने खाणाऱ्या मुलाजवळ बसायला अर्धा तास, आणि त्यानंतर फरशी पुसायला दहा मिनिटे. ‘घरच्या अन्ना’चा गौरव करणारे लेख आणि भाषणे पुष्कळ होतात, ही मिनिटे कोणाच्या खात्यातून जातात याची चौकशी क्वचित होते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीने ती केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या. पुरुषांपैकी घरकामाला हात लावणारेच चारांत एक; आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटे. एकत्र कुटुंबात हा भार सासू, जाऊ, नणंद यांच्यात वाटला जाई, तोही बायकांतच. आता दोन खोल्यांच्या घरात तो वाटून घ्यायला नवऱ्याशिवाय दुसरे कोणी उरलेले नाही. मऊ भात आणि घोटलेले वरण शिकायला बापाला एक रविवार पुरेल. अडचण एवढीच आहे, की मूल मंगळवारीही जेवते.

कायद्याचेही गणित पाहण्यासारखे आहे. २०१७ साली पगारी प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. सुधारणा स्तुत्य होती. पण २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने; बाळाचे उष्टावण होऊन वरचे अन्न सुरू होते तो हाच मुहूर्त. ज्या महिन्यात दिवसातून तीनदा शेजारी बसून भरविणारे माणूस लागते, त्याच महिन्यात आई कामावर रुजू होते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, असे त्याच दुरुस्तीने सांगितले. ती सोय प्रत्यक्षात किती ठिकाणी आहे हे नोकरी करणाऱ्या मातांनाच विचारावे.

आणि ज्यांना रजाच नाही, त्यांचे काय? दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात उतरतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी त्यांच्या गावी आहे, मुलाचे नावही तिथल्या पटावर आहे. तीन वर्षांखालील मुलाचा शिधा घरी नेण्यासाठी मिळतो, पण त्या महिन्यांत घराला कुलूप असते. मूल फडाजवळच्या कोपीत असते, त्याच्याजवळ सात-आठ वर्षांची बहीण असते, आणि पहाटे थापलेली भाकरी दुपारपर्यंत कडक झालेली असते. ती पाण्यात भिजवून भावाला भरवायची, हे त्या बहिणीला कोणी शिकविलेले नसते. भाकरीसोबत डाळ मात्र तिला आणता येत नाही. फडाच्या मुदतीपुरती अंगणवाडी साखर कारखान्याच्या आवारात उभी राहावी, पटावरचे नाव कुटुंबाबरोबर फिरावे आणि दुपारी शिजलेल्या गरम वरण-भाताची वाटी कोपीपर्यंत पोहोचावी, ही मागणी फार मोठी नाही. गाळपाचा हंगाम दरवर्षी ठरल्या काळी येतो, कोणत्या गावांतून किती टोळ्या निघणार हे मुकादमाला आगाऊ ठाऊक असते, आणि त्यांना दिलेल्या उचलीचा हिशेब वहीत पैशापैशाने लिहिलेला असतो. त्याच वहीत टोळीबरोबर आलेल्या मुलांसाठी एक रकाना आखता येईल.