बेंजोच्या पेटीतले दोन आवाज

संपादकांना गिटारवर लेख हवा होता. किट मागवून घरीच गिटार जोडायची आणि तिच्यातून इलेक्ट्रिक व लाकडी असे दोन्ही आवाज काढायचे, या खटपटीवर. त्यासाठी मी शहापूर तालुक्यात भातसानगरच्या बाजूला गेलो. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा पुरवणाऱ्या भातसा धरणालगतची ही वसाहत. तिथे माझं लक्ष गिटारवरून उडालं आणि बेंजोवर जाऊन बसलं. ठाणे जिल्ह्यात हळद असो, वरात असो की गणपतीची मिरवणूक, बेंजो पार्टीशिवाय ती पुढे सरकत नाही. आणि गिटारवाल्यांना आज पडलेला दोन आवाजांचा प्रश्न या वाद्याला केव्हाचाच पडलेला आहे.

आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला गोल, कातडी बॅंजो नव्हे. ती बुलबुल तरंगाची पेटी. तिचं मूळ जपानी ताइशोगोतो या वाद्यात आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते १९१२ साली बनवलं, म्हणजे ताइशो राजवट सुरू झाली त्याच वर्षी. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, त्यांनी तार पडद्यावर टेकते, आणि दुसऱ्या हातातल्या पट्टीने ती छेडायची. रवी जाधव यांनी २०१६ साली याच वाद्याच्या नावाने हिंदी चित्रपट काढला, एवढी त्याची मुंबई-ठाण्यातली पत.

लाकडी पेटीचा मूळ आवाज अंगणाबाहेर जात नाही. ढोल, ताशा आणि ट्रॉम्बोनच्या गर्दीत तो ऐकूच येणार नाही. म्हणून तारांखाली पिकअप बसला. चुंबक, त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ गिटार याच तत्त्वावर आली. तिचं अंग ॲल्युमिनियमचं होतं, तरी ती वाजली, कारण हा पिकअप मुख्यतः तार ऐकतो. खाली साग आहे की प्लायवूड, याची त्याला फारशी पर्वा नसते. मिरवणुकीत बेंजो तिखट, लांबणारा, किंकाळी फोडल्यासारखा वाजतो तो यामुळे. मला तो आवाज मनापासून आवडतो. पण पेटीचा घुमारा त्यात हरवला, याचं वाईटही वाटतं. रात्री ओटीवर चार बायका हळदीची गाणी म्हणत असतील, तर त्यांच्यामागे हा तिखट आवाज चालत नाही. तिथे लाकडाचाच स्वर हवा.

लाकूड ऐकणारी वस्तू स्वस्त आहे. बझरमध्ये असते ती पितळी पिएझो चकती. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार तयार होतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली चकती दाबून बसवली की तारेचा कंप आणि पेटीचा कंप दोन्ही तिच्यात उतरतात. केन पार्कर आणि लॅरी फिशमन यांची १९९३ सालची पार्कर फ्लाय ही गिटार दोन्ही तऱ्हेचे पिकअप एकाच अंगात घेऊन आली. किट गिटारवर हौशी मंडळी करतात तेही हेच.

मग बेंजोत का करू नये? करता येतं, पण अडचणी इथूनच सुरू होतात.

पहिली अडचण जोडणीची. दोन्ही पिकअपच्या वायरी एकत्र करून एकाच जॅकला डाग दिला की चकतीचा आवाज पातळ, पत्र्यासारखा होतो. २७ मिलिमीटरच्या चकतीची धारकता साधारण २० नॅनोफॅरड धरा. तिच्यापुढे १० किलोओहमचा लाइन इनपुट आला, तर सुमारे ८०० हर्ट्झखालचा सगळा स्वर उतरत जातो. म्हणजे घुमारा जिथे असतो तोच भाग. शेजारी जोडलेलं चुंबकाचं वेटोळंही, त्याचा रोध सात-आठ किलोओहमच असल्याने, चकतीला असंच गिळतं. पुढे १ मेगाओहमचा इनपुट दिला की ही सीमा ८ हर्ट्झवर जाते आणि पेटी बोलू लागते. त्यासाठी एक फेट ट्रान्झिस्टर, चार-दोन रेझिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी पुरते. दोन आवाजांना दोन वेगळे व्हॉल्यूम ठेवावेत. हा सर्किटचा तुकडा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांतून कुणीही जुळवू शकतो.

दुसरी अडचण घुं-घुं आवाजाची. मांडवात जनरेटर असतो, त्याचं अर्थिंग धड नसतं, वर दिव्यांच्या माळा. एकेरी वेटोळं ५० हर्ट्झचा गुणगुणाट उचलतं. १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी उलट वेढ्यांची दोन वेटोळी जोडून तो रद्द केला. बेंजोतही तसा पिकअप बसतो. उघडी चकतीही तितकीच हावरी, म्हणून तिच्याभोवती तांब्याची पट्टी लावून ती सर्किटच्या ग्राउंडला जोडावी लागते.

या दोन्हींवर इलाज आहे. तिसरीवर मला समाधानकारक इलाज दिसत नाही. बेंजोला बटणं आहेत. चुंबक बटणाची खटखट फारशी ऐकत नाही, चकती मात्र प्रत्येक दाब ऐकते. जलद तान घेतली की स्वरांइतकाच खटखटाट स्पीकरमधून येतो. गिटारवाल्याच्या वाट्याला हा त्रास एवढा येत नाही, कारण तिथे थेट बोटं तारेवर असतात. बटणांखाली नमद्याचे तुकडे लावले तर खटखट कमी होते, पण बटण जड होतं आणि तान मंदावते. वरचे स्वर छाटले तर खटखट जाते, पण लाकडाचं तेजही तिच्याबरोबर जातं. चकती घोडीखाली अगदी सपाट बसली, तर तारेचा वाटा वाढतो आणि बटणांचा घटतो. माझ्या मते खरं काम इथे आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या जवारीसाठी घोडी घासत बसतात, तसा कान आणि तशी कानस या पेटीला मिळाली पाहिजे. त्यावर पावसाळा. हवेतल्या ओलाव्याने प्लायवूड फुगतं, बटणांचे दांडे अडकतात, जूनमध्ये सपाट बसलेली घोडी ऑगस्टमध्ये एका कडेने उचलली जाते. म्हणजे घासणं पुन्हा.

आज निघालेला निकाल एवढाच: मिरवणुकीत चुंबक, बैठकीत संथ चालीसाठी चकती, आणि दोन्ही मिसळायचे तर चकतीचा भाग थोडाच. वाजवणाऱ्यांना एक विनंती आहे. नव्या पिकअपसाठी जुन्या पेटीचं लाकूड कापू नका. चकती काढता येईल अशी बसवा, आणि घरात एक तरी बेंजो वायरीविना ठेवा, कारण पेटी मुळात कशी वाजते हे पुढच्या पोराला त्याच्याशिवाय कळणार नाही.